एम ८ दिला, पण पाणी आलं का?

चाकणच्या कारखान्यातल्या व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या मशीनिंग सेंटरवर, प्रोग्राममध्ये एम ८ आला की कुलंटचा पंप सुरू होतो. मोशीत कुणी पार्किंगच्या कोपऱ्यात मांडलेल्या ३०१८ या छोट्या सीएनसी राउटरवरही एम ८ आला की पंप सुरू होतो, निदान व्हायला हवा. कोड तोच आहे. फरक पडतो तो पुढच्या अर्ध्या सेकंदात. व्हीएमसीचा कंट्रोल एम ८ सोडतो आणि थांबतो. आतल्या पीएलसीचा प्रोग्राम, म्हणजे लॅडर, पंपाचा कॉन्टॅक्टर ओढतो, मशीन बांधणाऱ्याने नीट लिहिला असेल तर पंपाचा ओव्हरलोड पडलाय का, टाकीत कुलंट आहे का हेही बघतो आणि मग ‘झालं’ असा सिग्नल परत देतो. तो आल्याशिवाय पुढची ओळ चालत नाही. आपलं घरचं मशीन एका पिनवर पाच व्होल्ट टाकतं आणि लगेच पुढे निघतं. पंपाची वायर उंदराने कुरतडली असली तरी त्याला पत्ता नसतो.

मी बरीच वर्षं भोसरीत पॅनेल वायरिंगची कामं केली आणि आता घरी एक लहान राउटर चालवतो. या दोन जगांत ये-जा करताना एक गोष्ट वारंवार दिसते. छंद म्हणून सीएनसी घेणारे आपल्याकडचे लोक अपग्रेड म्हटलं की मोठ्या मोटरी, मोठा स्पिंडल, नवा कंट्रोलर असा विचार करतात. यातले निम्मे दिवसभर चाकणला किंवा तळवड्याला अशा मशीनवर काम करतात की ज्याचं पॅनेल हुकूम सोडतं तेव्हा उत्तरही मागतं. संध्याकाळी घरी आले की हे सगळं विसरतात. मशीनला विचारायला शिकवणं हे पहिलं अपग्रेड, असं माझं मत आहे. ताकद त्यानंतर वाढवावी.

(या लेखात सगळे कोड देवनागरीत छापले आहेत. मशीनला ते अर्थातच रोमन अक्षरांत आणि आकड्यांत द्यायचे.)

बोर्डाकडे मुळात आहे काय

बहुतेक लहान मशीनवर ग्रबल हे फर्मवेअर असतं. नॉर्वेच्या सिमेन स्कोग्सरूडने ते २००९ साली सुरू केलं. अर्डुइनो उनोवरच्या ज्या चिपमध्ये ते बसतं तिची प्रोग्रामची जागा ३२ किलोबाइट आणि कामाची मेमरी जेमतेम २ किलोबाइट. एवढ्यात तीन अक्ष नीट पळतात हेच नवल आहे. अॅक्सेसरीसाठी उरतात त्या मोजक्या पिना. आवृत्ती १.१ मध्ये डी ११ वर स्पिंडलच्या वेगाचा पीडब्ल्यूएम सिग्नल, डी १३ वर स्पिंडलची दिशा, ए ३ वर कुलंट. एम ३ आणि एम ५ ने स्पिंडल चालू-बंद, एम ८ आणि एम ९ ने कुलंट. एम ७ हवा असेल तर फर्मवेअर कंपाइल करताना तो पर्याय उघडावा लागतो, मग तो ए ४ वर येतो. कुलंटची पिन फक्त कुलंटसाठीच वापरली पाहिजे असं काही नाही. एमडीएफ कापणाऱ्याला पाणी नको, व्हॅक्यूम क्लीनर हवा. त्याने तो ए ३ वर जोडावा आणि एम ८ म्हणजे ‘धूळ ओढ’ असं समजावं.

इथे दोन खड्डे आहेत, दोन्हींत मी पडलोय. पहिला डी ११ चा. तिथे साधा रिले लावून वेगासाठी एस ५००० दिला तर रिले टकटकत राहतो, कारण त्या पिनवर सलग व्होल्टेज नसतं, सेकंदाला साधारण हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल असतो. स्पिंडल फक्त चालू-बंद करायचा असेल तर फर्मवेअरच्या कॉन्फिग फाइलमध्ये डी १३ ला दिशेऐवजी ‘एनेबल’ करण्याचा पर्याय आहे, तो घ्यावा. आणि लगेच दुसरा खड्डा येतो. अर्डुइनो रीसेट झाला की त्याचा बूटलोडर डी १३ वरचा दिवा लुकलुकवतो. लॅपटॉपवर प्रोग्राम उघडून ‘कनेक्ट’ दाबलं की उनो रीसेट होतोच. म्हणजे डी १३ वर रिले आणि रिलेवर स्पिंडल असेल, तर नुसतं कनेक्ट करताना स्पिंडल एक-दोन झटके खातो. टूल बदलताना बोट तिथे असेल तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. म्हणून फिरणारी कोणतीही वस्तू एकट्या पिनच्या भरवशावर सोडू नये. मध्ये हाताने दाबायचं बटण असलेला टप्पा हवाच. त्याकडे येतोच.

पिनपासून व्हॅक्यूमपर्यंत

उनोच्या पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच घ्यावं. पाच व्होल्टच्या छोट्या निळ्या रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर मागते. त्यामुळे सुटा रिले थेट पिनवर कधीच नाही. ट्रान्झिस्टर आणि ऑप्टोकपलर असलेलं तयार मॉड्यूल घ्यावं. ते सिग्नल शून्य झाल्यावर ओढतं की पाच व्होल्ट आल्यावर, हे जोडण्याआधी टेबलावर तपासावं. ग्रबलची कुलंट पिन पाच व्होल्टने ‘चालू’ म्हणते. बोर्ड जागा होईपर्यंत पिना अधांतरी असतात, म्हणून पिन आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा एक रेझिस्टर टाकावा. एवढ्याशा खर्चात मशीन चालू करताच व्हॅक्यूम भुर्रकन सुरू होण्याचा त्रास जातो.

रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट असं छापलेलं असतं. १२०० वॅटचा घरगुती व्हॅक्यूम क्लीनर पाचेक अँपिअरच घेतो, मग अडचण कुठे आहे? छापलेला आकडा गिझरसारख्या साध्या लोडचा असतो. मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट खाते, संपर्कबिंदू तापून एकमेकांना चिकटतात आणि मग एम ९ दिला तरी व्हॅक्यूम थांबत नाही. धूळ ओढणारा थांबला नाही तर फक्त कान दुखतात. तोच रिले स्पिंडलवर असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून कारखान्याची पद्धत धरावी. पिनने छोटा रिले ओढावा, रिलेने २४ व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर ओढावा आणि २३० व्होल्ट फक्त कॉन्टॅक्टरमधून जावेत. डीसी कॉइलवर १ एन ४००७ डायोड उलटा टाकायचा, त्याच्या पट्टीचं टोक पॉझिटिव्हला. न टाकल्यास कॉइल सुटताना जो झटका मारते तो उनोला रीसेट करतो आणि माणूस महिनाभर यूएसबी केबल बदलत बसतो. एसी कॉइल असेल तर डायोड चालत नाही, तिथे रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर लागतो.

सॉलिड स्टेट रिले बरेच जण सुचवतात. आवाज नाही, ठिणगी नाही, सगळं खरं. पण तो खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा ‘चालू’ स्थितीत अडकून खराब होतो. पंपाला किंवा एअरच्या सोलेनॉइडला चालेल. स्पिंडल थांबवण्याची जबाबदारी एकट्या त्याच्यावर टाकू नका.

सामानाचं म्हणाल तर नवं घ्यायला पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच. जुनं सामान पूर्वी कुदळवाडी-चिखलीच्या भंगारात ढिगाने मिळायचं. फेब्रुवारी २०२५ च्या महापालिकेच्या कारवाईत तिथली शेडं मोठ्या प्रमाणावर पाडली गेली आणि ओळखीचे दुकानदार पांगले. अजूनही बंद पडलेल्या एखाद्या जुन्या मशीनचं अख्खं पॅनेल हाती लागलं तर सोडू नका. डिन रेल, ग्लँड, टर्मिनल, कॉन्टॅक्टर सगळं एकदम मिळतं. फक्त कॉइलवरचा आकडा वाचा. जुन्या मशीनमध्ये कंट्रोल ट्रान्सफॉर्मर असायचा आणि कॉइल ११० व्होल्ट एसीच्या असायच्या. त्यावर २४ व्होल्ट दिले तर कॉन्टॅक्टर हलणार नाही, २३० दिले तर थोड्याच वेळात जळेल.

गुरुवारची गोष्ट

पिंपरी-चिंचवडच्या उद्योगांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. महावितरणही दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढतं. म्हणजे आपल्याला मशीनवर बसायला निवांत वेळ मिळतो त्याच दिवशी लाइट जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. आता नीट कल्पना करा. प्रोग्राम चालू आहे, लाइट गेली. स्पिंडल थांबला, मोटरी थांबल्या. पण लॅपटॉपला बॅटरी आहे आणि उनो यूएसबीवर जिवंत आहे. ग्रबलला वाटतंय सगळं ठीक चाललंय. ते ओळीमागून ओळ वाचतंय, पल्स सोडतंय, मनातल्या मनात दोनशे मिलिमीटर पुढे गेलंय. मशीन मात्र जागेवर उभं आहे. तेवढ्यात लाइट येते. स्पिंडल फिरू लागतो आणि टूल भलत्याच ठिकाणाहून, भलत्याच खोलीवर जॉबमध्ये घुसतं. माझ्या सागवानी नेमप्लेटवर असाच एक तिरका चर आहे. ती मी दारावर लावलेली नाही, पण टाकूनही दिलेली नाही.

यावर उपाय भोसरीतल्या प्रत्येक गाळ्यात भिंतीवर लटकलेला असतो. हिरवं बटण, लाल बटण आणि आत कॉन्टॅक्टर, म्हणजे साधा मोटर स्टार्टर. हिरवं दाबलं की कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि स्वतःच्याच एका संपर्कातून स्वतःला धरून ठेवतो, ज्याला आपण होल्डिंग म्हणतो. लाइट गेली की तो सुटतो आणि लाइट परत आली तरी कुणी हिरवं दाबेपर्यंत सुटलेलाच राहतो. स्पिंडलचा पुरवठा आणि मोटर ड्रायव्हरचा पुरवठा, दोन्ही अशा एका होल्डिंग कॉन्टॅक्टरमधून न्या. लाल मशरूम बटणाचा बंद संपर्क, म्हणजे दाबल्यावर उघडणारा, त्याच कॉइलच्या सिरीजमध्ये घाला. वायर तुटली तरी मशीन थांबेल, ही बंद संपर्काची खरी किंमत आहे. आणीबाणीचं बटण नुसतं उनोच्या रीसेट पिनला जोडून समाधान मानणारे पाहिलेत. तो उनो अडकला असेल तेव्हाच तर बटण दाबायची वेळ येते!

आता विचारण्याचा भाग. ड्रायव्हरच्या २४ किंवा ३६ व्होल्ट पुरवठ्यावर त्याच व्होल्टचा एक छोटा रिले बसवा. पुरवठा आहे तोवर तो ओढलेला राहील. त्याचा नॉर्मली क्लोज्ड संपर्क उनोच्या ए ० आणि ग्राउंडमध्ये द्या. पुरवठा गेला की संपर्क मिटेल, ए ० शून्यावर जाईल आणि ग्रबल अबॉर्ट होईल. चालत्या मशीनमध्ये असं झालं की ते अलार्म दाखवतं आणि पुन्हा होमिंग केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही हे आपल्यालाही कळतं. लॅपटॉपच्या बॅटरीने फसवणं बंद. एक रिले आणि दोन वायर, एवढंच सामान.

बॉल स्क्रू आणि दोन किलोचा स्पिंडल असलेल्यांनी एक तपासावं. मोटरींचा पुरवठा गेला की झेड अक्ष हळूहळू खाली सरकतो का? सरकत असेल तर स्प्रिंगचा तोल किंवा ब्रेकवाली मोटर लागेल. साध्या टी ८ स्क्रूवर हा प्रश्न सहसा येत नाही.

स्पिंडल

३०१८ वरची ७७५ मोटर ब्रशची असते. फळीवर नाव कोरायला चांगली, अॅल्युमिनिअमवर रडते. ब्रशच्या ठिणग्यांनी अख्ख्या बोर्डावर विद्युत गोंगाट करते तो वेगळाच. मोटरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर, बाजारात ज्याला ‘१०४’ म्हणतात, तो सोल्डर केला की निम्मी तक्रार मिटते.

पुढची पायरी म्हणजे व्हीएफडीवर, म्हणजे फ्रीक्वेन्सी बदलून वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, चालणारा तीन फेजचा स्पिंडल. ४०० हर्ट्झला २४,००० आरपीएम हा सर्रास मिळणारा प्रकार. हिशोब सोपा आहे, दोन पोलच्या मोटरला हर्ट्झ गुणिले ६० म्हणजे आरपीएम. व्हीएफडी विकत घेतल्यावर तो बहुधा ५० हर्ट्झच्या साध्या मोटरच्या सेटिंगवर येतो. तसाच जोडला तर ५० हर्ट्झलाच पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि हाय-स्पीड स्पिंडलची वाइंडिंग जळते. आधी बेस आणि मॅक्झिमम फ्रीक्वेन्सी, मोटरचे व्होल्ट आणि अँपिअर स्पिंडलच्या नेमप्लेटवरून भरा, मगच वायर जोडा. हवेने थंड होणाऱ्या स्पिंडलचा पंखा त्याच्याच शाफ्टवर असतो, म्हणून तो फार हळू चालवला तर तापतो. खालची मर्यादा १३०–१४० हर्ट्झच्या आसपास ठेवा, म्हणजे ८,००० आरपीएम.

कंट्रोलसाठी पीडब्ल्यूएमचं शून्य ते दहा व्होल्ट करणारं छोटं मॉड्यूल मिळतं. त्यावरचा जंपर पाच व्होल्टच्या बाजूला, पुरवठा २४ व्होल्टचा. ग्रबलमध्ये $३० ला, म्हणजे कमाल वेगाच्या सेटिंगला, २४००० भरा. मग एम ३ एस २४००० देऊन, स्पिंडल न जोडता, मल्टिमीटरवर बरोबर दहा व्होल्ट येईपर्यंत पोटेन्शिओमीटर फिरवा. नंतर एस १२००० द्या. व्हीएफडीच्या पडद्यावर २०० हर्ट्झच्या जवळपास दिसायला हवं. १८५ दिसत असेल तर पुन्हा बसा. व्हीएफडीचा रन सिग्नल वेगळ्या रिलेने द्यावा. हुआनयांगसारख्या व्हीएफडीत पीडी ००१ मध्ये रनचा हुकूम आणि पीडी ००२ मध्ये वेग कुठून घ्यायचा ते ठरतं. दोन्ही १ केले की बाहेरून.

प्रोग्राममध्ये एम ३ नंतर जी ४ पी ५ ही ओळ असू द्या. ग्रबलमध्ये पी म्हणजे सेकंद. व्हीएफडीचा चढण्याचा वेळ पाच सेकंद असेल तर मशीनही पाच सेकंद थांबेल. ही झाली आंधळी वाट पाहणी, उत्तर नव्हे. पण काही नसण्यापेक्षा बरी. काम संपल्यावर आधी एम ५, मग जी ४ पी १०, मग एम ९, म्हणजे उरलेली धूळही निघून जाते.

व्हीएफडी आणि स्पिंडल यांच्यामध्ये कोणताही स्विच, कॉन्टॅक्टर किंवा प्लग टाकून चालू स्थितीत तोडू नका. व्हीएफडीचा आऊटपुट खलास होतो. तोडायचं ते त्याच्या इनपुटला. आणि इनपुट तोडल्यानंतरही आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चार्ज राहतो. दहा मिनिटं थांबा, मीटरने बघा, मग हात घाला. २३० व्होल्टची सवय नसेल तर हा भाग परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. त्यात कमीपणा नाही. आमच्याकडे मेकॅनिकलचे इंजिनिअर पॅनेलच्या दाराला हात लावत नसत आणि ते योग्यच होतं.

पाण्याने थंड होणारा स्पिंडल असेल तर पंप बंद पडला तरी स्पिंडल चालतच राहतो आणि बेअरिंग जातात. पाण्याच्या परतीच्या नळीत फ्लो स्विच बसवा आणि तो व्हीएफडीच्या रन रिलेच्या सिरीजमध्ये घाला. पाणी वाहत नसेल तर एम ३ देऊनही स्पिंडल उठणारच नाही. व्हीएफडीतच बिघाड झाला तर तो मशीनला कळवण्याचा प्रश्न मात्र राहतो. व्हीएफडीवर फॉल्ट रिलेची टर्मिनल असतात. तो संपर्क उनोच्या ए १ आणि ग्राउंडमध्ये दिला की फॉल्ट येताच ग्रबल फीड होल्डला जातं, म्हणजे अक्ष थांबवतं, आणि बंद स्पिंडल घेऊन टूल जॉबमध्ये घासत राहत नाही. ए १ लाच कंपाइल करताना ‘सेफ्टी डोअर’ बनवता येतं. साध्या फीड होल्डमध्ये स्पिंडल फिरत राहतो. डोअर असेल तर स्पिंडल आणि कुलंट दोन्ही बंद होतात आणि पुन्हा सुरू करताना स्पिंडलला वेग घ्यायला वेळ दिला जातो. मशीनला काचेचं खोकं केलं असेल तर दाराचा स्विच आणि व्हीएफडीचा फॉल्ट, दोन्ही तिथेच समांतर जोडा. एअरचा प्रेशर स्विच असेल तर तोही.

त्याच मशीनवर अधूनमधून लेझर लावत असाल तर $३२ विसरू नका. लेझरसाठी १, स्पिंडलसाठी ०. १ वर राहिलं तर वेग बदलताना मशीन थांबत नाही. लेझरला ते हवंच असतं, स्पिंडलला नाही.

गोंगाट आणि अर्थिंग

व्हीएफडी लावल्यावर पहिल्याच दिवशी ‘अलार्म १’ येतो. लिमिट स्विचला कुणी हात लावलेला नसतो. व्हीएफडीच्या केबलमधून निघालेला गोंगाट लिमिटच्या वायरवर बसलेला असतो. चाकणच्या मशीनमध्ये सेन्सर २४ व्होल्टवर चालतात त्यामागचं एक कारण हेच. २४ व्होल्टच्या सिग्नलला दोन-तीन व्होल्टचा गोंगाट जाणवत नाही, पाच व्होल्टवाल्याला लगेच जाणवतो.

स्पिंडलची केबल शील्डची घ्या आणि शील्ड व्हीएफडीच्या बाजूला अर्थला जोडा. लिमिटच्या वायरी तिच्यापासून लांब न्या; एकाच ट्रेमधून नेणं हा आळस महागात पडतो. स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडा आणि $५ ने उलटा अर्थ लावायला सांगा. प्रत्येक लिमिट पिनवर ग्राउंडला १०४ चा कपॅसिटर. प्रॉक्सिमिटी सेन्सर लावणार असाल तर ऑप्टोकपलरमधूनच, कारण काही एनपीएन सेन्सरच्या आत पुल-अप रेझिस्टर असतो आणि तो उनोच्या पिनवर थेट २४ व्होल्ट चढवतो. कारखान्याच्या जुन्या पॅनेलमधून काढलेला सेन्सर पीएनपी असण्याची शक्यता मोठी, तेव्हा जोडणी उलटी होईल हेही ध्यानात असू द्या.

सोसायटीच्या पार्किंगमधल्या सॉकेटला अर्थ खरंच आहे का, हे मात्र सगळ्यांत आधी तपासा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्टपेक्षा फार जास्त दिसत असेल तर व्हीएफडी लावायचं पुढे ढकला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. ही भेट कंट्रोलर बदलण्यापेक्षा जास्त वेळ खाते.

ड्रायव्हर, मग कंट्रोलर

ए ४९८८ हे बोटाएवढे ड्रायव्हर पंखा असेल तर कसेबसे दोन अँपिअर देतात, नसेल तर एक. ०.१ ओहमचे रेझिस्टर असलेल्या बोर्डावर एक अँपिअरसाठी व्हीरेफ ०.८ व्होल्ट ठेवायचा. नेमा २३ मोटर लावायची असेल तर डीएम ५४२ सारखा बंद डब्यातला ड्रायव्हर घ्या, ३६ व्होल्टवर. चालू स्थितीत मोटरची वायर काढायची नाही. त्यात किती ड्रायव्हर गेले याची मोजदाद मी सोडून दिली आहे.

आता लोक जिथून सुरुवात करतात तो मुद्दा. ‘उनो स्लो आहे, बत्तीस बिटचा बोर्ड हवा.’ बघू या. उनोवरचं ग्रबल सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ३०,००० पल्स देतं. मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, बत्तीसचं मायक्रोस्टेपिंग, स्क्रू ५ मिलिमीटर लीडचा. ६४०० भागिले ५ म्हणजे मिलिमीटरला १२८० पल्स. ३०,००० ला १२८० ने भागलं तर सेकंदाला २३ मिलिमीटर, मिनिटाला जेमतेम १,४००. तेच मायक्रोस्टेपिंग आठवर आणलं की मिलिमीटरला ३२० पल्स आणि मर्यादा मिनिटाला ५,६०० मिलिमीटर. डीएम ५४२ वरचे चार छोटे स्विच हलवायचे, $१०० ते $१०२ हे मिलिमीटरमागच्या पल्सचे आकडे बदलायचे, खर्च शून्य. एका पल्सला तीन मायक्रॉन सरकणारं मशीन लाकडासाठी पुरेसं बारीक आहे. आपल्या फ्रेमचीच लवचिकता त्याच्या कितीतरी पट असते.

मग कंट्रोलर कधी बदलायचा? पिना संपल्या की. चौथा अक्ष, दोन वाय मोटरींचं वेगवेगळं होमिंग, दोन-तीन जास्तीचे रिले, व्हीएफडीशी आरएस ४८५ वरून बोलणं, हे हवं असेल तर. शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्या तारेवरच्या मॉडबस भाषेत व्हीएफडी आपला खरा वेग परत सांगतो. ईएसपी ३२ वर चालणाऱ्या फ्लुइडएनसीला हे जमतं. स्पिंडल सांगितलेल्या वेगाला आला की नाही ते व्हीएफडीलाच विचारून मग पुढे जाता येतं. जी ४ ची आंधळी वाट संपते. त्यात कोणती पिन कशाला हे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं असतं, पुन्हा कंपाइल करण्याची कटकट नाही. ग्रबल एचएएल वेगवेगळ्या बत्तीस बिट चिपांवर चालतं आणि ग्रबलची सवय असलेल्याला घरचं वाटतं. लिनक्ससीएनसीचं मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या प्रकल्पात आहे. त्यात अक्षरशः लॅडर लिहिता येतो, त्यामुळे ज्यांनी कारखान्यात पीएलसी पाहिलाय त्यांना मी तेच सुचवीन, बाकीच्यांना नाही. ईएसपी ३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो, तर ड्रायव्हरची ऑप्टो इनपुट पाच व्होल्ट धरून बनवलेली. मध्ये ७४ एचसीटी मालिकेतला बफर नसेल तर मध्येच पल्स गळतात आणि जॉब सरकतो.

हे सगळं हाताने करून शिकायला जायचं तर आपल्या औद्योगिक पट्ट्याजवळच पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या तिथल्या विज्ञान आश्रमात २००२ साली एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा, उभी राहिली. एमआयटीच्या बाहेर पहिली जागा कुठे तर शिरूर तालुक्यातल्या एका गावात, हे आपल्याकडच्या किती छंदिष्टांना ठाऊक आहे कोण जाणे. पुस्तकी अर्हतेपेक्षा हाताने करून शिकण्यावर त्या संस्थेचा भर राहिला आहे.

सगळं जोडून झालं, पॅनेलचं दार लावलं, धूळ आत जाऊ नये म्हणून पंख्याला जाळी लावली की एक चाचणी करा. जॉब काढून ठेवा, झेड पन्नास मिलिमीटर वर घ्या आणि प्रोग्राम हवेत चालवा. मध्येच भिंतीवरचा मेन स्विच बंद करा, पाच सेकंदांनी पुन्हा चालू करा. स्पिंडल आपोआप फिरला किंवा एखादा अक्ष जागचा हलला तर अजून काम बाकी आहे. ही चाचणी या गुरुवारी, महावितरण करण्याच्या आधी, तुम्हीच करून घ्या.